डिझायनर ‘ब्राउझर बदला’ म्हणते, ते का?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी शंभरी ओलांडलेले ‘ब’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. वाचनालयाचे संकेतस्थळ करण्याचे काम कार्यकारिणीने एका तरुण वेब डिझायनरकडे सोपवले. परवा तिने तयार झालेले काम पाहण्यासाठी दुवा पाठवला. आमच्या संगणकावर तो उघडला, तर ग्रंथसूचीच्या पानावरील पुस्तकांची कार्डे वरखाली झालेली दिसली आणि काही ठिकाणी रंगच उमटले नव्हते. तसे कळवल्यावर ‘तुमचा ब्राउझर जुना आहे, तो बदला’ एवढेच उत्तर आले. आमचे चारही संगणक विंडोज ७ वर चालतात, त्यांत क्रोम आहे आणि बाकी सर्व कामे सुरळीत होतात. एका कार्यालयाला वार्षिक अहवाल पाठवण्यासाठी इंटरनेट एक्सप्लोररही जपून ठेवला आहे. काम आम्ही पैसे देऊन करून घेत आहोत, मग तिच्या सोयीसाठी आमची साधने आम्ही का बदलावीत? ही कामातील टाळाटाळ तर नव्हे? — एक कार्यवाह

आदरणीय कार्यवाह महोदय, सप्रेम नमस्कार.

ही टाळाटाळ नव्हे. मात्र तिने आपल्याला एका ओळीत उत्तर देऊन विषय संपवला, हे योग्य झाले नाही. वीस वर्षांहून अधिक काळ मी वेब डिझाइनचेच काम करते आहे आणि ‘ब्राउझर बदला’ हे वाक्य मीही असंख्य वेळा उच्चारले आहे. त्यामागचे कारण समोरच्याला पटेल अशा शब्दांत सांगणे हा आमच्या कामाचाच भाग आहे, म्हणून तिने जे सांगायला हवे होते, ते आता मी सविस्तर लिहिते.

पुष्कळ जण ब्राउझरला ‘गूगल’ म्हणतात, त्यामुळे तो संकेतस्थळे उघडून दाखवणारा, संगणकातला एक स्वतंत्र कार्यक्रम आहे आणि तो बदलता येतो, हेच लक्षात येत नाही. आपण वाचनालयाशी संबंधित आहात, म्हणून छापखान्याच्या भाषेत सांगते. संकेतस्थळ म्हणजे छापून आलेले पान नव्हे. डिझायनर पाठवते ती त्या पानाची संहिता आणि ते कसे जुळवायचे याच्या सूचना. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्याचे काम मात्र वाचकाच्या संगणकावरचा ब्राउझर दर वेळी नव्याने करतो. एकाच संहितेवरून दोन छापखान्यांत दोन वेगळी पाने निघू शकतात, आणि ज्या छापखान्याकडे नवे खिळे आलेलेच नाहीत, तेथे सूचना कितीही नेमकी असली तरी तिचे पालन होत नाही.

आपल्या संगणकांवर नेमके हेच झाले असावे. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्याची सेवा, १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतरही गूगलने तीन वर्षे क्रोमच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालू दिल्या, पण जानेवारी २०२३ मधील १०९ ही त्यांतली शेवटची. ११० पासून पुढच्या प्रत्येक आवृत्तीला किमान विंडोज १० लागते. आपण क्रोम दररोज उघडता, तो उघडतोही, आणि त्यामुळे तो चालू काळातला आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो २०२३ च्या सुरुवातीलाच थांबलेला आहे. उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर टिचकी मारून ‘मदत’ आणि मग ‘क्रोमबद्दल’ या पर्यायावर गेलात, तर आवृत्तीचा आकडा आपल्याला दिसेल.

आपले पान मी पाहिलेले नाही, पण आपण वर्णन केलेली लक्षणे माझ्या चांगल्या परिचयाची आहेत. शेजारशेजारच्या कार्डांवर पुस्तकाचे नाव कुठे एका ओळीत तर कुठे तीन ओळींत येते. तरीही लेखकाचे नाव लेखकाच्या रेषेत आणि दाखलक्रमांक दाखलक्रमांकाच्या रेषेत यावा, यासाठी सबग्रिड नावाची मांडणीची एक सोय आहे. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरमध्ये ती डिसेंबर २०१९ मध्ये आली, ॲपलच्या सफारीमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये आणि क्रोममध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये, ११७ व्या आवृत्तीत. रंग सांगण्याची एक नवी पद्धतही क्रोमने मार्च २०२३ मध्ये, म्हणजे १११ व्या आवृत्तीपासून स्वीकारली. दोन्ही गोष्टी १०९ नंतरच्या आहेत. न समजलेली सूचना मुकाट्याने ओलांडून पुढे जाणे हा ब्राउझरचा ठरवून दिलेला नियम आहे, आणि तो फार शहाणपणाचा आहे, कारण त्यामुळे मजकूर हरवत नाही, फक्त मांडणी ढासळते. आपल्याला कार्डे वरखाली दिसली, पण पुस्तकांची नावे वाचता आली, ती या नियमामुळेच.

एवढ्याच कारणासाठी मी आपल्याला ब्राउझर बदलायला सांगितले नसते. वरखाली झालेल्या कार्डांनी कोणाचे नुकसान होत नाही. आपल्या पत्रातील ‘बाकी सर्व कामे सुरळीत होतात’ या वाक्याने मात्र मी अस्वस्थ झाले, कारण वाचनालयातील संगणकावर बसणारे आपण एकटे नसता. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले तेथे अर्ज भरतात, आधार क्रमांक टंकतात, परीक्षा शुल्क भरताना मोबाइलवर आलेला ओटीपी त्याच संगणकावर लिहितात. कोणी सभासद निवृत्तिवेतन जमा झाले का, हे पाहण्यासाठी बँकेत लॉगिन करतात. घरच्या संगणकावर जुना ब्राउझर वापरणारा माणूस स्वतःचा धोका पत्करतो. वाचनालयात तो धोका अशांच्या वाट्याला येतो, ज्यांना संगणकात काय आहे हे पाहण्याची संधीही मिळत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या चित्रप्रकाराची फोड करणाऱ्या आज्ञावलीत एक गंभीर दोष सापडला. त्या दोषामुळे, मुद्दाम घडवलेले एखादे चित्र ब्राउझरने नुसते दाखवायला घेतले, तरी आक्रमकाला आत शिरण्याची वाट मिळू शकत होती; वापरणाऱ्याने कशावरही टिचकी मारण्याची गरज नव्हती. ही एकच आज्ञावली क्रोम, फायरफॉक्स, एज अशा अनेक कार्यक्रमांत वापरलेली असल्यामुळे सर्वांना ती घाईने दुरुस्त करावी लागली आणि ज्यांचे ब्राउझर चालू होते, त्यांना ही दुरुस्ती थोड्याच दिवसांत आपोआप मिळाली. असे दोष त्यानंतरही सापडत राहिले आहेत आणि पुढेही सापडतील. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुरुस्ती प्रसिद्ध होते, तेव्हा भगदाड नेमके कुठे होते, हेही जाणकारांना त्यातून कळते. म्हणजे अद्ययावत ब्राउझर ज्या दिवशी अधिक सुरक्षित होतो, त्याच दिवशी थांबलेला ब्राउझर आधीपेक्षा अधिक उघडा पडतो. अँटिव्हायरस असला तरी ही उणीव तो भरून काढू शकत नाही.

आता आपल्या ‘तिच्या सोयीसाठी’ या शब्दांकडे येते. आमचा व्यवसाय या बाबतीत एवढा आग्रही का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट नावाच्या डिझायनरांच्या गटाने फेब्रुवारी २००१ मध्येच लोकांना ब्राउझर बदलण्याचे जाहीर आवाहन केले होते. त्या वेळी टाकून द्यायचा ब्राउझर म्हणजे नेटस्केप ४ होता, आणि मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरची, ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावरील पाचवी आवृत्ती सुधारलेल्यांत गणली जात होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला आणि तोही प्रकाशित झाला तेव्हा वाईट नव्हता. पण स्पर्धा संपली होती, दहांपैकी नऊहून अधिक लोक मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर वापरू लागले, आणि सातवी आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडले. वेब पुढे गेले आणि ते पाहण्याची खिडकी पाच वर्षे तशीच राहिली. अर्धपारदर्शक चित्रांमागे त्यात राखाडी ठोकळे दिसत. बाजूला सरकवलेल्या चौकटीचा समास दुप्पट होई. जानेवारी २०१० मध्ये गूगलसह अनेक कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यात इंटरनेट एक्सप्लोररमधील दोषाचा वापर झाल्याचे उघड झाले, तेव्हा जर्मनी आणि फ्रान्समधील सरकारी सुरक्षा यंत्रणांनी लोकांना तात्पुरता दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये यूट्यूबने सहाव्या आवृत्तीसाठीचा आधार काढून घेतला.

त्या दशकात आम्ही प्रत्येक पान दोनदा करत असू, एकदा सर्वांसाठी आणि एकदा थांबलेल्या ब्राउझरसाठी. एका पतसंस्थेचे काम मला स्पष्ट आठवते. तेथे मुख्य मांडणी आठ दिवसांत झाली आणि जुन्या संगणकांवर ती सरळ दिसावी म्हणून आणखी सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांचे पैसे संस्थेने, म्हणजे पर्यायाने सभासदांनी भरले, आणि त्यातून त्यांना नवे काहीही मिळाले नाही. आपल्या डिझायनरने विंडोज ७ वरील क्रोमसाठी वेगळी मांडणी केली, तर तिचा मेहनताना आपल्याच ताळेबंदात येईल. त्याऐवजी तेवढ्या वेळात ग्रंथसूचीचा शोध चांगला होऊ शकेल, किंवा दुर्मीळ अंकांची यादी संकेतस्थळावर चढू शकेल. म्हणूनच ही सोय तिची एकटीची नाही.

मराठी वाचकाला तर ब्राउझरच्या प्रगतीचा लाभ इतरांपेक्षा अधिक झाला आहे, आणि वाचनालयाच्या संकेतस्थळाच्या बाबतीत हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नव्वदीच्या शेवटी मराठी वृत्तपत्रे वेबवर आली, तेव्हा प्रत्येकाचा स्वतःचा फॉन्ट होता. तो उतरवून घ्यावा लागे किंवा पानाबरोबर पाठवला जाई, आणि फॉन्ट पाठवण्याची रीतही ब्राउझरागणिक वेगळी होती. फॉन्ट लागला नाही, तर बातमीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची भेळ दिसे, कारण आत साठवलेले मराठी नव्हतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले होते. असा मजकूर शोधून सापडत नसे, आणि पुढे फॉन्ट नाहीसा झाला की मजकूरही नाहीसा झाल्यासारखा होई. प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत आली, पाठोपाठ फॉन्ट पानाबरोबर पाठवण्याची एकच रीत सर्व ब्राउझरांनी स्वीकारली, आणि जोडाक्षरे जुळवण्याची यंत्रणाही त्यांत पक्की बसली. आज पानाच्या संगणकीय संकेतात ‘ही भाषा मराठी आहे’ असे नोंदवले आणि फॉन्टमध्ये तशी रूपे असली, तर चांगला ब्राउझर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाने न दाखवता आपल्या मराठी वळणाने दाखवतो. ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ यांतला अर्धा ‘र’ मोडत नाही. लहानपणी बालभारतीच्या पानांवर पाहिलेला ‘ल’ पडद्यावर जसाच्या तसा पाहिला, त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, हे मी अजून विसरलेले नाही.

तरीही डिझायनरवर एक बंधन आहे, आणि ते मी तिच्या बाजूने बोलत असतानाही सोडणार नाही. तिने आपल्या सभासदांसमोर ‘तुमचा ब्राउझर चालणार नाही’ अशी पाटी लावून दार बंद करता कामा नये. जुन्या मोबाइलवरून पाहणाऱ्या सभासदाला मांडणी साधी दिसली तरी चालेल, पण वाचनालयाची वेळ, पुस्तकांचा शोध आणि दूरध्वनी क्रमांक त्याला मिळालाच पाहिजे. रंगांसाठी नवी पद्धत वापरताना त्याच्या आधीच्या ओळीत जुन्या पद्धतीचा रंग लिहिला, तर जुना ब्राउझर तो उचलतो. हे काही मिनिटांचे काम आहे आणि ते तिने करायला हवे होते. आपण तिच्याकडून लेखी घ्यावे की क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी यांच्या ताज्या आणि त्यांच्या लगतच्या आधीच्या आवृत्तीवर पान जसे ठरले तसे दिसेल आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर निदान मजकूर वाचता येईल. यापलीकडची अपेक्षा मात्र आपणही धरू नये.

कोणता ब्राउझर घ्यावा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नाव दुय्यम आहे. ज्याला आजही नियमित दुरुस्त्या मिळत आहेत आणि जो सर्वमान्य मानकांप्रमाणे चालतो, तो चांगला. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी हे सर्व क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. मायक्रोसॉफ्टनेही जानेवारी २०२० पासून एजसाठी स्वतःचे इंजिन, म्हणजे पान जुळवणारा आतला भाग, सोडून हाच पाया घेतला. सफारी ॲपलच्या यंत्रांपुरता आहे. वेगळ्या इंजिनावर चालणारा आणि सर्वत्र मिळणारा मोठा ब्राउझर म्हणजे फायरफॉक्स. त्याच्यामागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे, त्याचा संगणकीय संकेत सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे आणि त्याचा संवादपट, म्हणजे त्यातील पर्याय आणि सूचना, मराठीत करता येतो. सगळे जग एकाच इंजिनावर विसंबले की काय होते, ते २००१ ते २००६ या काळात आम्ही पाहिले आहे, म्हणून सार्वजनिक वाचनालयाने फायरफॉक्स वापरावा असे मला मनापासून वाटते. काही संकेतस्थळे फक्त क्रोमवर तपासलेली असतात आणि इतरत्र अडखळतात. त्यासाठी अद्ययावत क्रोम किंवा क्रोमियम याच नावाचा ब्राउझर शेजारी असू द्यावा.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. आजच करता येण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे मोझिलाच्या संकेतस्थळावरून फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची दीर्घ आधाराची आवृत्ती एका संगणकावर बसवणे. जुलै २०२३ मध्ये आलेली ही आवृत्ती विंडोज ७ वर चालते आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत मोझिलाने एकाहून अधिक वेळा वाढवली आहे. सबग्रिड आणि ती नवी रंगपद्धत या दोन्ही गोष्टी तिला समजतात, तेव्हा आपले पान तिच्यात उघडून पाहा. कार्डे सरळ झाली, तर कार्यकारिणीला आणखी काही पटवून देण्याची गरज उरणार नाही. पण ही केवळ तात्पुरती डागडुजी आहे, कारण खालची विंडोज ७ प्रणाली स्वतःच दुरुस्त्यांविना आहे.

कायमचा उपाय म्हणून सर्व संगणक नवे घेण्याएवढे अनुदान आपल्याकडे नसेल, हे मी जाणते. विंडोज १० वर जाण्याचा सल्ला कोणी दिला तर थांबा; तिचा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप आपल्या वयाच्या संगणकांत बहुधा नसेल. म्हणून सभासदांच्या वापराचे दोन संगणक लिनक्स मिंटवर न्यावेत, असे मी सुचवते. ही प्रणाली विनामूल्य आहे, दोन जीबी मेमरीवर चालते, चार जीबी असल्यास चांगली चालते, आणि अद्ययावत फायरफॉक्स तिच्यासोबतच येतो. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा प्रमाणित कळफलक तिच्यात आहे. या दोन संगणकांवर फायरफॉक्स नेहमी खासगी अवस्थेत उघडेल असे ठरवून द्या आणि पासवर्ड लक्षात ठेवण्याची सोय बंद करा, म्हणजे उठताना ब्राउझर बंद केला की एका सभासदाचे लॉगिन पुढच्याला उघडे सापडणार नाही. देवघेव विभागातील कर्मचाऱ्यांनी जमवलेल्या वाचनखुणा (बुकमार्क) जुन्या क्रोममधून एका फाइलमध्ये काढून फायरफॉक्समध्ये घेता येतात. त्या हरवतील, ही भीती बाळगू नका.

सभासदांच्या मोबाइलचा प्रश्न थोडा वेगळा आहे. अँड्रॉइडवर ब्राउझर प्ले स्टोअरमधून अद्ययावत होतो, पण अँड्रॉइड ८ आणि ९ साठी क्रोमची १३८ ही शेवटची आवृत्ती ठरली. आयफोनवर आपल्याकडे सगळे ब्राउझर सफारीच्याच इंजिनावर चालतात, त्यामुळे तेथे फोनची प्रणाली अद्ययावत करणे हाच मार्ग आहे.

राहता राहिला तो वार्षिक अहवाल. विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर इंटरनेट एक्सप्लोररला १५ जून २०२२ रोजी निरोप देण्यात आला. ते संकेतस्थळ आता साध्या ब्राउझरमध्ये चालते का, हे आधी पाहून घ्या. कित्येकदा ते केव्हाच सुधारलेले असते आणि आपल्याला कोणी कळवलेले नसते. नसेलच चालत, तर मायक्रोसॉफ्ट एजमध्ये जुन्या संकेतस्थळांसाठी एक्सप्लोररची अवस्था दिलेली आहे आणि ती निदान २०२९ पर्यंत राहील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. कार्यालयीन कामासाठी तिसऱ्या संगणकाच्या जागी विंडोज ११ चा एक संगणक यंदाच्या अंदाजपत्रकात धरा आणि अहवाल त्यावरून पाठवा.

चौथा संगणक मात्र आहे तसाच ठेवावा. शंभरी ओलांडलेल्या वाचनालयात जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली इतिवृत्ते आणि दाखल नोंदी असणार, आणि त्या उघडण्यासाठी जुन्या आज्ञावल्या लागतील. त्याची इंटरनेटची तार काढून टाका, वायफाय बंद करा, आणि तेथला मजकूर सवडीने युनिकोडमध्ये आणायला आपल्या ग्रंथपालांना सांगा. तो पूर्ण आला की दाखल नोंदींची यादी डिझायनरकडे द्या. त्या नोंदींतली जुनी पुस्तके तिला अजून दिसलेलीच नाहीत.